एकाच इयत्तेतली वेगवेगळी मुलं



या व्याख्यानमालेत मी गेली वीसेक वर्षं खालच्या खुर्च्यांवर बसून ऐकत आले आहे. संतांवर ऐकलं, नाटकावर ऐकलं, गायकवाडी इतिहासावर तर पुष्कळच ऐकलं. चिटणीसांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं, की मी प्राथमिक शिक्षिका. चौतीस वर्षं मराठी शाळेत बहुतेक तिसरी-चौथीच शिकवली. साहित्यावर बोलायचा माझा अधिकार नाही. ते म्हणाले, मग ज्याच्यावर आहे त्याच्यावर बोला. म्हणून आज मी चौथीच्या वर्गाबद्दल बोलणार आहे. वर्ग एक, पुस्तक एक, बाई एक, आणि समोर बसलेली अठ्ठेचाळीस मुलं मात्र अठ्ठेचाळीस ठिकाणी. यांना शिकवायचं कसं, हा माझ्या नोकरीभरचा प्रश्न होता. मला तो पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही.

आधी एक शब्द घेते. आपण ‘इयत्ता’ म्हणतो. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ ‘इतकेपणा’, म्हणजे मोजमाप किंवा मर्यादा. एवढं आलं की पहिली, एवढं आलं की दुसरी, असा तो हिशेब. प्रत्यक्षात आज इयत्ता म्हणजे मुलाचं वय, दुसरं काही नाही. नऊ वर्षांचा झाला की चौथीत. त्याला किती आलंय हे त्या शब्दात होतं, ते कधीच निघून गेलंय.

बडोद्यात हा विषय काढायला एक खास कारण आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीकडे सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होई. आपण हे अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण मला, मास्तरकी केलेल्या बाईला, त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या दिवशी शाळेत सगळी मुलं आली, त्या दिवशी एका खोलीत सगळ्या तऱ्हेची मुलं आली. ज्याच्या घरी पोथी वाचली जाते तो, आणि ज्याच्या घरी अक्षर असं फक्त मिठाच्या पुडीवर असतं तो, दोघं एका सतरंजीवर. माझा प्रश्न तिथून सुरू होतो.

त्याआधी तो वेगळ्या स्वरूपात होता. पंतोजीच्या शाळेत इयत्ताच नव्हत्या. एका ओसरीवर पाच वर्षांचा धुळपाटीवर अक्षर गिरवतोय, शेजारी आठ वर्षांचा कित्ता काढतोय, त्याच्या पलीकडचा पावकी-निमकी घोकतोय, मोठा मोडीत हुंडी लिहायला शिकतोय. जो तो आपापल्या ठिकाणी, आणि थोडं पुढे गेलेला मागच्याला सांगतोय. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला आलेल्या अँड्रयू बेल नावाच्या पाद्र्याला असलीच एतद्देशीय शाळा पाहून मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत सुचली, आणि ती तो इंग्लंडला घेऊन गेला. म्हणजे ज्याला आज आपण नवीन म्हणतो त्यातलं काही आपल्या ओसरीवर होतं. पण त्या ओसरीची आरती ओवाळायला मी उभी नाही. तिथे मुली नव्हत्या, निम्म्याहून जास्त जातींची मुलं नव्हती, छडी मात्र होती. ज्यांना आत घ्यायचंच नव्हतं त्यांना बाहेर ठेवून आतल्यांना सवडीने शिकवणं सोपं असतं. इंग्रजी अमदानीत खात्याच्या शाळा आल्या, इयत्ता आल्या, इन्स्पेक्टर आले. सगळ्यांना दार उघडायचं, तर काहीतरी सरसकट पद्धत लागणारच होती. सरसकट या शब्दाबद्दल मात्र आपण पुढे विचार केला नाही.

आता माझी गोष्ट. नोकरीला लागले तेव्हा मला जे शिकवलं होतं तेच मी केलं. जूनमध्ये एक चाचणी घ्यायची, आणि तीन ओळी करायच्या. खिडकीकडची हुशारांची, मधली मध्यमांची, आणि भिंतीकडची. भिंतीकडच्या ओळीला मी नाव दिलं नव्हतं, मुलांनी दिलं होतं, ‘ढ’ ओळ. मी त्यांना कधी रागावले नाही, कारण मीही मनात तेच म्हणत होते.

ढ बद्दल सांगतात, की अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकी सगळी अक्षरं बदलत गेली, ढ तेवढा जवळजवळ जसाच्या तसा राहिला, म्हणून न बदलणाऱ्या मुलाला ढ म्हणायचं. लिपीपुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे, ब्राह्मीतला ढ पाहिला तर तुम्हीही ओळखाल. मुलांपुरतं काय झालं ते सांगते. जूनमध्ये भिंतीकडे बसलेली मुलं एप्रिलमध्येही भिंतीकडेच होती. दर वर्षी. मला वाटायचं, माझी जूनमधली पारख किती अचूक! ती पारख खरी ठरावी अशी व्यवस्था मीच रोज करत होते, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

ते कळलं एका मुलामुळे. भिंतीकडच्या ओळीतला, बापाची पानाची टपरी. मराठी वाचायला उभा केला की गप्प. मी त्याला जूनपासून अ-आ-इ गिरवायला बसवलं होतं. ऑक्टोबरात आम्ही मुलांना सूरसागरवर फिरायला नेलं. येताना रावपुऱ्यातून चालत होतो, आणि हा पोरगा माझ्या पुढे दुकानांच्या पाट्या वाचत चालला होता. एकेक पाटी, अडखळल्याशिवाय. पाट्या गुजराती होत्या. पहिली-दुसरी तो गावाकडे आजीपाशी राहून गुजराती शाळेत शिकला होता, हे दाखल्यावर लिहिलेलं होतं, दाखला कपाटात होता, आणि मी तो पाहिला नव्हता.

आता बघा, त्याला काय येत नव्हतं? अक्षर म्हणजे आवाज, आवाज जोडले की शब्द, काना-मात्रा कशा लागतात, हे सगळं त्याला येत होतं. गुजरातीला डोक्यावरची रेघ नाही. ग, त, न, म, र, स ही अक्षरं रेघ काढली की जवळजवळ तीच. वेगळी दिसतात ती इ, ख, च, ज, झ, भ अशी दहाबारा. म्हणजे त्याला दहाबारा अक्षरांची अडचण होती आणि मी त्याला चार महिने मुळाक्षरांच्या पाटीवर बसवलं होतं. मी एका कागदावर दोन रांगा केल्या, इकडे गुजराती, तिकडे मराठी. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन आठवड्यांत तो पुस्तक वाचू लागला. मी त्याला शाबासकी दिली. त्याने काही फार आनंद दाखवला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी एक काम सुरू केलं, ते निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटं टेबलाशी बोलावून वाचायला लावायचं आणि एक-दोन गणितं करताना बघायचं. मुलामागे चार-पाच मिनिटं. अठ्ठेचाळीस मुलांचे होतात साडेतीन-चार तास, ते दहा दिवसांत विभागले तर रोज पंचवीस मिनिटंही नाहीत. बाकीची मुलं तेवढ्या वेळात चित्रं काढतात. लेखी चाचणीत मला मुलाचं उत्तर दिसायचं. टेबलाशी त्याची वाट दिसायची.

एक उदाहरण. बेचाळीसमधून सतरा वजा. एका मुलीचं उत्तर पस्तीस. पुढचं गणित, त्रेपन्नमधून अठ्ठावीस, उत्तर पुन्हा पस्तीस. वहीत फुल्याच फुल्या. टेबलाशी विचारलं, कसं केलंस? ती म्हणाली, “सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.” अगं, पण सात खाली आहेत ना? तर म्हणे, “बाई, तुम्हीच सांगितलंत, मोठ्यातून लहान वजा करायचं.” मी सांगितलं होतं. दुसरीच्या वर्गाला एकदा बदली तासाला गेले असताना सांगितलं होतं, तिने ते इमानाने पाळलं होतं. त्या मुलीला वजाबाकीची आणखी वीस गणितं घालून काय झालं असतं? वीस फुल्या. तिला दहा काड्यांचा एक मोळा सोडून दाखवायला हवा होता, हातचा कुठून येतो ते. अर्ध्या तासाचं काम.

आणि भाषेची तर आपल्या बडोद्यात मजाच आहे. एक मुलगा मला सांगायला आला, “बाई, माझं गणित खोटं पडलं.” मी नवीन असते तर म्हटलं असतं, गणित चुकतं, खोटं माणूस बोलतो. पण गुजरातीत चुकलेलं गणित खोटंच असतं. आपल्या जुन्या घरांतही लोक सर्रास तसं बोलतात, माझ्या सासूबाई बोलायच्या. माझ्या वर्गात एकीकडे ही दांडिया बाजारातली चार पिढ्यांची मराठी, दुसरीकडे बांधकामावर आलेल्या खानदेशी घरातली मुलं, ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणणारी, तिसरीकडे आई गुजराती आणि वडील मराठी असलेली. पुस्तक मात्र असं लिहिलेलं, की वाचणाऱ्याच्या घरी पुस्तकातलंच मराठी बोलतात. ‘माले’ म्हणणाऱ्या मुलाला कच्चा ठरवायला एक मिनिटही लागत नाही. त्याची अहिराणी पक्की असते, त्याला दुसरी बोली शिकायची असते, आणि त्यासाठी आपली पहिली बोली चुकीची आहे असं त्याला वाटायची गरज नसते. मी फळ्यावर दोन्ही लिहायची, घरी असं, पुस्तकात असं. एवढ्यावरून एका पालकसभेत माझ्यावर तक्रार झाली, की बाई अशुद्ध शिकवतात.

तर ओळी मोडून मी केलं काय? आधी हे सांगते, की यात माझा शोध काही नाही. आपल्यापासून फार लांब नसलेल्या भावनगरला गिजुभाई बधेका बालमंदिर चालवत होते. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. वकिली सोडून आलेला गुजराती गृहस्थ आणि शिकलेली मराठी बाई, दोघांनी मिळून माँटेसोरीची पद्धत आपल्या मुलांच्या मापाची केली. माँटेसोरीच्या खोलीत एकाच वेळी पंधरा मुलं पंधरा कामं करत असतात, आणि बाई मध्ये उभी राहून व्याख्यान देत नाही. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ इथे पुष्कळांनी वाचलं असेल. त्यातला मास्तर चौथीचाच वर्ग मागून घेतो, म्हणून माझा त्याच्यावर विशेष लोभ. पुढे ताराबाई बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या, सोबत अनुताई वाघ. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज देशभर चालणारा शब्द तिथला. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. मूल शाळेच्या वेळापत्रकात बसत नसेल तर वेळापत्रक हलवायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. माझ्या हातात कुरण नव्हतं, पण तास होते.

मोठ्या बाईंना सांगून मी आठवड्यातले तीन दिवस भाषेचे दोन तास जोडून घेतले. गोष्ट सगळ्यांना एकच सांगायची. समजा कावळा-चिमणीची. ऐकताना वर्ग एक. मग गट. ज्यांना अजून शब्द लागत नाहीत त्यांच्यापुढे घर, मेण, शेण, पाऊस, दार अशी शब्दांची पत्ती, गोष्टीत शब्द आला की पत्ता उचलायचा आणि वाचायचा. ज्यांना शब्द येतात पण वाक्यात धाप लागते त्यांना गोष्टीच्या वाक्यांच्या पट्ट्या, उलटसुलट केलेल्या, त्या लावायच्या. आणि जे वाचतात त्यांनी कावळ्याच्या बाजूने गोष्ट लिहायची. घर वाहून गेलंय, भिजतोय, दार उघडत नाही, त्याला काय वाटत असेल? मी त्या दोन तासांतला बराचसा वेळ पत्त्यांच्या गटाजवळ जमिनीवर बसून. शेवटी पुन्हा वर्ग एक, कावळ्याच्या गोष्टी वाचून दाखवायच्या, आणि पत्तेवाल्यांनी ऐकायच्या. त्यांचे प्रश्न लिहिणाऱ्यांपेक्षा चांगले असत, हे मी अनेकदा पाहिलं.

यातलं अवघड काय, तर पत्ते बनवणं नव्हे. अवघड आहे गट मोडणं. दर तीन आठवड्यांनी पुन्हा टेबलाशी बोलावायचं आणि गट नव्याने पाडायचे. भाषेत पट्ट्यांच्या गटात असलेला गणितात लिहिणाऱ्यांच्या गटात असेल, त्याला तिथे जाऊ द्यायचं. हे राहिलं, की गटाची ओळ होते आणि ओळीचा ढ होतो. मी स्वतः दोन वर्षं हे राहू दिलं. मुलीचं लग्न, सासऱ्यांचं आजारपण, निवडणुकीचं काम, मतदारयाद्या. त्या दोन वर्षांत माझे गट म्हणजे जुन्या ओळीच होत्या, फक्त गोल बसलेल्या. बाहेरून पाहणारे निरीक्षक खूश होते.

आता बडोद्यातच झालेली एक गोष्ट सांगते, जी जगात पुष्कळ ठिकाणी वाचली गेली आणि आपल्या गावात फारशी कुणाला ठाऊक नाही. मुंबईत १९९४-९५ च्या सुमारास ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली, माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांची. त्यांनी मुंबई आणि बडोद्याच्या म्युनिसिपल शाळांत ‘बालसखी’ नावाचं काम चालवलं. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या तरुण मुलीने रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची. पगार महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये, प्रशिक्षण दोन आठवड्यांचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून याचं रीतसर मोजमाप केलं आणि २००७ मध्ये ते छापलं. बॅनर्जी आणि डुफ्लो म्हणजे पुढे २०१९ मध्ये ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच.

निघालं काय? बालसखीकडे बसलेली मुलं चांगलीच पुढे गेली. यात नवल नाही. नवल पुढे आहे. ही मुलं उठून गेल्यावर मागे राहिलेला वर्ग लहान झाला, त्यात अडखळणारी मुलं नाहीत, शिक्षक प्रशिक्षित, पगार बालसखीच्या कितीतरी पट, आणि तरी त्या राहिलेल्या मुलांना काही विशेष फायदा झालेला दिसला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. बाराशे-पंधराशे मुलं हातून गेलेल्या बाईला पाचशे रुपयांची पोरगी मागे टाकते म्हणजे काय? मग विचार केला, की ती पोरगी काय करत होती जे मी करत नव्हते. तिला पोर्शन नव्हता. एप्रिलपर्यंत अमुक धडा गाठायचा हे तिच्या डोक्यावर नव्हतं. मूल जिथे आहे तिथून ती सुरू करत होती, कारण तिला दुसरं काही करायला सांगितलंच नव्हतं. माझ्या आणि मुलाच्या मध्ये पाठ्यपुस्तक होतं.

हेही सांगायला हवं, की काम थांबल्यावर वर्षभराने ती वाढ बरीचशी ओसरली होती. म्हणजे एकदा इंजेक्शन दिलं आणि झालं, असं ते नाही. आणि सरकारी शाळांत हेच करायला गेले तेव्हाही एक गोष्ट दिसली. बिहारमध्ये शिक्षकांना नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण देऊन नेहमीच्या तासांत जमेल तसं करा म्हटलं, तिथे फारसं काही झालं नाही. हरियाणात रोज एक तास या कामासाठी राखून ठेवला, इयत्ता बाजूला ठेवून मुलं वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवली, तिथे वाचन सुधारलं. शिक्षक तसेच. तास राखून ठेवला की नाही, एवढा फरक. मोठ्या बाईंनी मला ते दोन तास जोडून दिले नसते तर माझे पत्ते कपाटातच राहिले असते.

कायद्याने काय केलं? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला वयाप्रमाणे इयत्तेत घालायचं ठरवलं, आणि मागे असेल त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं असंही त्यातच लिहिलं. पहिला भाग अमलात आला. दुसऱ्याचं काय झालं ते २०१८ च्या ‘असर’ पाहणीत दिसतं, ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. यावर नापास करायला लागा, असं म्हणणारे इथे असतील. २०१९ मध्ये कायदा बदलून पाचवी आणि आठवीला तशी मुभाही मिळाली. मला विचाराल तर, जो धडा मुलाला एकदा कळला नाही तोच धडा, तसाच, त्याच बाईंकडून, दुसऱ्या वर्षी ऐकवायचा, यात कुणाचं काय भलं होतं ते मला कळलेलं नाही.

काही मुलं अशीही असतात की ज्यांना पत्ते-पट्ट्या पुरत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचन-लेखनाच्या विशिष्ट अडचणींचाही समावेश झाला आहे, आणि त्या मुलांना जाणकाराची मदत लागते. ती शिक्षिकेने आपल्या प्रेमावर निभावून नेऊ नये. पण त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. माझ्या भिंतीकडच्या ओळीत चौतीस वर्षांत चश्म्याअभावी बसलेली मुलं किती असतील, याचा विचार मी शक्यतो करत नाही.

आता खिडकीकडच्या ओळीबद्दल. तुमच्यापैकी बहुतेक त्याच ओळीतले, हे चेहऱ्यांवरून दिसतंय. हुशार मुलाचं नुकसान होतं का, हा प्रश्न मला पालकसभेत नेहमी विचारला गेला. होतं, आणि ते सरसकट शिकवण्यानेच होतं. पाच मिनिटांत गणित संपवून तो पंचवीस मिनिटं शेजाऱ्याची वही खराब करतो. आपण त्याला काय देतो? तसलीच आणखी दहा गणितं, म्हणजे लवकर संपवल्याची शिक्षा. नाहीतर छोटा गुरुजी करून दुसऱ्यांना शिकवायला बसवतो. अधूनमधून ते चांगलं, समजावून सांगताना आपलंच पक्कं होतं. पण रोज? त्यालाही शिकायला शाळेत पाठवलेलं असतं, पंतोजीचा मदतनीस व्हायला नाही. मी त्यांना उत्तरं द्यायची आणि गणितं बनवायला सांगायची. उत्तर पंचवीस, यावर वजाबाकीची अशी गोष्ट लिही की पट्टीवाल्यांना सुटेल पण सहज सुटणार नाही. एक मुलगी त्यावर तीन दिवस बसली होती. तिच्या वडिलांनी मला सांगितलं, बाई, पहिल्यांदाच हिने घरी येऊन शाळेबद्दल तक्रार केली. मला फार बरं वाटलं.

शेवटी आपल्या सभेपाशी येते. गेली तीन वर्षं वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग चालतो. मुलं बावीस, सहा ते चौदा वर्षांची, बहुतेक तुमचीच नातवंडं, इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात शिकणारी. आजी-आजोबा आणून सोडतात आणि दारात सांगतात, “याला मराठी अजिबात येत नाही हो.” मी त्या मुलाला टेबलाशी बसवते. आजोबा फोनवर काय बोलले ते त्याला शब्दन्‌शब्द कळलेलं असतं. भांडण कळतं, टोमणा कळतो, विनोदावर तो हसतो. बोलताना तो अर्धं वाक्य गुजरातीत संपवतो. वाचायला मात्र शून्य. आता याला कितवीत घालायचं? ऐकण्यात तो दहावीत आहे, बोलण्यात चौथीत, वाचण्यात बालवाडीत. आम्ही सुरुवातीला वयाप्रमाणे तीन वर्ग केले होते. दोन महिन्यांत निम्मी मुलं यायची बंद झाली. मग वाचनाचे गट वेगळे केले आणि बोलण्याचे वेगळे, तेव्हा परत आली.

पण एक अडचण राहिली आहे, ती तुमच्यापुढे ठेवते. तेरा-चौदा वर्षांची पाच मुलं वाचनाच्या पहिल्या गटात आहेत. त्यांना शब्द लागतात, छोटी वाक्यं लागतात. आणि आपल्या ग्रंथालयात छोट्या वाक्यांची जी पुस्तकं आहेत ती सगळी ससा, कासव आणि चिमणीची. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात चिमणीचं पुस्तक दिलं की तो ते दप्तराखाली लपवतो, मी पाहिलंय. म्हणून सध्या मी दर शनिवारी रात्री बसून क्रिकेटच्या बातम्या, मोबाईल दुरुस्तीची माहिती, कुठल्याशा सिनेमाची कथा, असं दहा-दहा ओळींत, जोडाक्षरं टाळून, मोठ्या अक्षरांत लिहून काढते. क्रिकेटचं मला काही कळत नाही, त्यामुळे मुलं मजकुरातल्या चुका काढतात, आणि चुका काढण्यासाठी वाचतात. आतापर्यंत तेवीस पानं झाली आहेत. या सभागृहात लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत, दिवाळी अंकांतून तुमची नावं मी वाचते. विषय मोठ्या मुलाचा, वाक्य सहा-सात शब्दांचं, जोडाक्षर शक्यतो नको. करून पाहा, वाटतं तितकं सोपं नाही. आणि ज्यांना लिहायचं नाही त्यांनी रविवारी साडेनऊला वर यावं. टेबलाशी बसून एका मुलाचं चार मिनिटं वाचन ऐकायला माणसं कमी पडतात. त्याला चुकीचं सांगायचं नाही, मध्ये थांबवायचं नाही, फक्त कुठे अडलं ते कागदावर लिहायचं. कागद आणि पेन्सिल मी ठेवते.